भाची न्यू जर्सीत, आम्ही मुलुंडला. तिच्यापर्यंत मदत कशी पोचवायची?

मुलुंडची_मावशी
नमस्कार. मी पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. ठाण्यात चांगली नोकरी होती, ती सोडून गेली. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ही एच-४ या त्याच्या बायकोच्या व्हिसावर. दीड वर्षाची मुलगी आहे, जन्म तिकडचाच. गेल्या वर्षभरात हिचे फोन कमी कमी होत गेले. व्हिडिओवर बोलायची तेव्हा जावई कायम मागे बसलेला. गणपतीच्या आदल्या दिवशी बहिणीला विचारत होती की मोदकाची उकड किती वेळ मळायची, आणि मध्येच थांबून हळूच म्हणाली, "आई, माझा पासपोर्ट माझ्याकडे नाहीये." लगेच फोन कट.

त्यानंतर तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. बँकेत हिच्या नावाचं खातं नाही. किराण्याची पावती रोज तपासली जाते. एकदा हात उगारला, नंतर मारलंच. आणि वर धमकी, की पोलिसांना बोलावलंस तर तुझा व्हिसा जाईल, पोरगी इथेच राहील, तुला एकटीला विमानात बसवतील.

घरात दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, पोरीला उचल आणि निघून ये. तिची आत्या म्हणते, पदरात मूल आहे, जरा कळ काढ. बहिणीचं बीपी वाढलंय. मला रात्र रात्र झोप नाही. मुलुंडला बसून मी काय करू शकते? तिकडे आपल्या बायकांसाठी कोणी आहे का? खरी माहिती असेल त्यांनी कृपया लिहा.

एडिसन_ते_दादर
मावशी, मी अकरा वर्षं न्यू जर्सीत काढली आणि त्यातली चार वर्षं अशाच एका संस्थेच्या फोनवर स्वयंसेवक म्हणून बसले. आता दादरला असते. जरा मोठं लिहिते, पण सगळं वाचा.

आधी एक. हा धागा तिला पाठवू नका. व्हॉट्सॲपवर कुठल्याही संस्थेचं नाव, नंबर, "तू कशी आहेस, त्याने परत मारलं का" असलं काहीही लिहू नका. तुम्ही सांगताय त्यावरून तिचा फोन तो बघत असणार. व्हॉट्सॲप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडं ठेवून सगळं वाचणारे नवरे मी खूप ऐकलेत. तिच्याशी आईचा रोजचा फोन सुरू राहू दे. जेवण काय केलं, बाळाला दात आले का, तेवढंच. तो फोन कोणत्याही कारणाने बंद पडता कामा नये. जमलं तर घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवा. आमच्याकडे एका मुलीने आईला सांगून ठेवलं होतं, मी "कढीपत्ता संपलाय" म्हणाले की समज, आता बोलता येत नाही. आणि दुसरा शब्द ठेवला होता, तो आला की मदत पाठवायची.

आता संस्था. तुमची भाची न्यू जर्सीत आहे म्हणून सांगते, दक्षिण आशियाई बायकांसाठी अमेरिकेतली पहिली संस्था तिथेच उभी राहिली : 'मानवी', १९८५ साली. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये 'सखी' आहे, १९८९ पासून. शिकागोत 'अपना घर', कॅलिफोर्नियात 'मैत्री' आणि 'नारिका', अटलांटात 'रक्षा', ह्यूस्टनमध्ये 'दया'. नावं वाचूनच कळेल की कुणी आणि कुणासाठी काढल्यात.

तिकडे सरकारी आणि इतर निवारे असताना वेगळ्या संस्था कशाला, असं मलाही आधी वाटायचं. फोनवर बसल्यावर कळलं. सासू साताऱ्यात बसून फोनवरून सुनेचं जगणं मुश्किल करते, हे तिकडच्या समुपदेशकाला पहिल्या तासात समजावून सांगावं लागतं. लग्नातलं स्त्रीधन कुणाच्या लॉकरमध्ये आहे, घटस्फोट झाला तर धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय, वडील चार लोकांत मान खाली घालून चालतील ही भीती. हे सगळं आपल्या बाईला सांगावं लागत नाही. निवाऱ्यात गेल्यावर साधं वरणभात मिळणार का, हाही प्रश्न असतो, आणि घाबरलेल्या बाईसाठी तो छोटा नसतो. 'मानवी'ने 'आशियाना' नावाचं घर काढलं ते याचसाठी, की बाईला तिथे काही महिने राहून पुढची जुळवाजुळव करता यावी.

सेवा मोफत असते. माहिती गुप्त राहते, नवऱ्याला तर नाहीच, तुम्हालाही सांगत नाहीत. तुम्ही मुंबईहून फोन केलात तर "तुमची भाची इथे आली होती का" याचं उत्तर मिळणार नाही. त्याचा राग मानू नका, उद्या सासरकडचा कुणी मावशी बनून फोन करू शकतो. पण तुम्ही स्वतः तुमच्या काळजीसाठी बोललात, काय करावं विचारलंत, तर ऐकून घेतात.

आणि फोन केला म्हणजे घर सोडायलाच हवं असं मुळीच नाही. मी जे फोन घेतले त्यातल्या कित्येक बायका सात-आठ वेळा नुसत्या बोलल्या. रडल्या, ठेवून दिला. आम्ही "निघ तिथून" असं कधी म्हणालो नाही. तुला काय हवंय, तुला आज रात्री सुरक्षित वाटतंय का, एवढंच विचारायचो.

मुलुंडची_मावशी
ताई, खुणेच्या शब्दाचं आज बहिणीला सांगितलं. तिला एकदम रडू आलं, म्हणाली, निदान काहीतरी करतोय. पण समजा एखाद्या रात्री फारच वाईट झालं आणि तो दुसरा शब्द आला तर? आम्ही इथून ९११, म्हणजे तिकडचा पोलिसांचा तातडीचा नंबर, लावू शकतो का?

एडिसन_ते_दादर
नाही मावशी. मुंबईहून ९११ फिरवलं तर तिकडे लागत नाही. म्हणून आजच एक काम करून ठेवा. ती राहते त्या गावाच्या पोलिस खात्याचा पूर्ण दहा आकडी नंबर शोधा आणि त्याआधी अमेरिकेचा १ लावून फ्रिजवर चिकटवा. तिचा पत्ता इमारत आणि घर क्रमांकासकट बाजूला लिहा. फोन करून "वेल्फेअर चेक" हवाय असं म्हणायचं, म्हणजे पोलिस घरी जाऊन माणूस ठीक आहे का बघतात. इंग्रजी अडलं तर "मराठी इंटरप्रिटर" म्हणायचं, दुभाषा फोनवर जोडून देतात. मात्र हे जिवावर बेतलं असेल तेव्हाच. पोलिस दारात येऊन गेल्यावर ती त्या घरात त्याच्याबरोबर एकटी असते.

तिला स्वतःला मिळेल अशा ठिकाणाहून, म्हणजे बाळाच्या डॉक्टरकडून किंवा गावातल्या लायब्ररीतून, १-८००-७९९-७२३३ लावता येईल. ही संपूर्ण अमेरिकेची कौटुंबिक हिंसेची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते, दुभाषा देते. बाळाची तपासणी असते तेव्हा नर्सशी एकटीने बोलायला मिळतं का ते तिने बघावं. दवाखान्यात तोंडी सांगितलेलं केस पेपरवर येतं, ते पुढे उपयोगी पडतं.

गिरगावकर
एकच बाजू ऐकून आपण सगळे निवाडा करतोय असं वाटतं. नोकरीचा ताण, नवीन देश, लहान मूल, भांडणं होतात. दोन्हीकडची मोठी माणसं बसून बोलली तर सुटणार नाही का? माझ्या माहितीत एक संसार असा सावरलाय.

एडिसन_ते_दादर
दादा, तुमचा हेतू चांगला आहे. पण भांडणात दोघांचे पासपोर्ट दोघांकडे असतात. इथे एकाने दुसऱ्याची कागदपत्रं, पैसे आणि फोन ताब्यात घेतलाय. अशा ठिकाणी मोठ्यांची बैठक बसली की सगळे निघून गेल्यावर "आईबापांना सांगतेस काय" म्हणून तिला परत भोगावं लागतं. हे मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की तिच्या सासरी फोन करू नका, हे मावशींना हात जोडून सांगते.

पार्ल्याची_वकील
मी कुटुंब न्यायालयात काम करते. अमेरिकन कायद्याची वकील नाही, पण परदेशातून परत आलेल्या मुलींची प्रकरणं बरीच हाताळलीत, त्यामुळे त्यांच्या तिकडच्या वकिलांशी संबंध येतो.

"पोलिसांना सांगितलंस तर व्हिसा जाईल" ही धमकी अर्धवट आहे आणि म्हणूनच ती लागू पडते. मार खाल्ल्याची तक्रार केली म्हणून बाईचा एच-४ रद्द होत नाही. न्यू जर्सीत तर पोलिसांनी तक्रारदाराचा व्हिसा विचारत बसू नये असा तिथल्या ॲटर्नी जनरलचा २०१८ चा निर्देश आहे. पण एच-४ नवऱ्याच्या एच-१बीला बांधलेला असतो. घटस्फोटाचा अंतिम आदेश झाला की तो संपतो. नवऱ्याची नोकरी किंवा व्हिसा गेला, तरी हिच्या पायाखालची जमीन सरकते. त्यामुळे कुठलंही पाऊल उचलण्याआधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलायलाच हवं. वर सांगितलेल्या संस्था अशा वकिलांपर्यंत पोचवतात.

तिच्यासाठी वाटा कोणत्या? बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या 'व्हावा' कायद्याखाली स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, पण नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तरच. एच-१बीच्या बायकोला ते दार बंद. मात्र छळ झालेल्या एच-४ बायकांना स्वतंत्र वर्क परमिट मागता येतं, त्यासाठी आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्म आहे. हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. स्वतःची कमाई सुरू होणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तिसरा 'यू' व्हिसा, गुन्ह्याची शिकार झालेल्या आणि तपासात मदत करणाऱ्यांसाठी. वर्षाला १०,००० च मिळतात, त्यामुळे वर्षानुवर्षं रांग.

न्यू जर्सीत संरक्षण आदेश फुकट मिळतो. आधी तात्पुरता, साधारण दहा दिवसांत सुनावणी, आणि अंतिम आदेश झाला तर त्याला मुदत नसते. त्यात तो घरातून बाहेर आणि ही बाळासकट घरात, असंही होऊ शकतं. रात्री-अपरात्री पोलिस ठाण्यातूनही तात्पुरता आदेश मागता येतो.

आता भावोजींना माझा निरोप द्या, "पोरीला उचल आणि ये" हे सांगणं आज थांबवा. बाळ अमेरिकन नागरिक आहे. बापाच्या संमतीशिवाय आणलं, तर तिकडे मूल पळवल्याचा गुन्हा आईवर लागू शकतो. मुलांच्या अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून इथे आलं की सुटलो असं लोकांना वाटतं. मग ती मुलगी पुन्हा अमेरिकेत पाय ठेवू शकत नाही, आणि इथल्या उच्च न्यायालयात मुलासाठी वर्षानुवर्षं लढत बसते. माझ्याकडे अशा आया आल्यात. बाळाचा ताबा, प्रवासाची परवानगी, सगळं तिकडच्या कोर्टातून कागदावर घेऊन मग यावं. उशीर लागतो, पण मूल तिचंच राहतं.

पासपोर्टबद्दल : बहिणीच्या कपाटात जुनी फोटोकॉपी असेलच, व्हिसासाठी केलेली. शोधा. पासपोर्ट क्रमांक, नाव आणि जन्मतारीख असली की तिची आय-९४ ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन निघते. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीखाली येतं, नवीन पासपोर्ट त्यांच्याच अखत्यारीत मिळतो. वकिलातीकडे २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे, त्यातून अडचणीतल्या बायकांना कायदेशीर मदतीसाठी पैसे मिळू शकतात. इथून तुम्ही परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षात तक्रार नोंदवू शकता. पण तिला विचारून. तिच्या नकळत केलेली तक्रार नवऱ्याच्या कानावर गेली, तर मार तिला.

सांताक्रूझ_पूर्व
मावशी, मी यातून गेलेय म्हणून लिहिते. नाव सांगत नाही.

मला त्याने दिवाळीला मुंबईत आणलं. आठवड्याने "ऑफिसचं काम निघालं" म्हणून एकटा परत गेला. माझं परतीचं तिकीट रद्द केलेलं होतं, ग्रीन कार्ड त्याच्या बॅगेत. तीन महिन्यांनी तिकडून घटस्फोटाचा कागद आला. मी बाबांच्या दोन खोल्यांत, अंगावरच्या कपड्यांनिशी. शेजारी विचारायचे, किती दिवस राहणार आहेस?

पहिल्या पोलिस ठाण्यात मला सांगितलं, गुन्हा अमेरिकेतला, आम्ही काय करणार. मग कुणीतरी महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचं सांगितलं. टाटा समाजविज्ञान संस्थेने तो १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला, पोलिसांच्या आवारातच समाजसेविका बसतात. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" मी त्या दिवशी किती महिन्यांनी रडले असेन. वकील 'मजलिस' या बायकांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेतून मिळाली. दवाखान्यातून मदत हवी असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' आहे, पालिकेचं आणि 'सेहत' संस्थेचं, २००० सालापासून.

तुमची भाची उद्या परत आलीच, तर तिला कुणीही "गुन्हा तिकडचा" म्हणू नये, एवढं तयार ठेवा.

पार्ल्याची_वकील
वर सांताक्रूझच्या ताईंना पोलिस ठाण्यात जे सांगितलं गेलं ते चूकच. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे बाई सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायालयात जाऊ शकते. छळाच्या गुन्ह्यासाठी माहेरच्या ठिकाणीही तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आणि तिकडचा घटस्फोट आला म्हणून हाय खाऊ नका. १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी कोर्टाने एकतर्फी दिलेला घटस्फोट इथे चालत नाही. फक्त तिकडून नोटीस आली तर वकिलाला न विचारता सही करू नका.

लंडनची_स्नेहल
थोडंसंच लिहिते. कुणाची मुलगी इंग्लंडात असेल तर 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' लक्षात ठेवा, १९७९ पासून आहेत. छळणाऱ्या नवऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या किरणजीत अहलुवालियांची केस त्यांनीच लावून धरली आणि १९९२ मध्ये जन्मठेप रद्द झाली. जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या बाईला इथे छळामुळे घर सोडावं लागलं, तर तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी आणि सरकारी मदत मागता येते. त्या मुदतीत पुढचा अर्ज करायचा.

मुलुंडची_मावशी
सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. कपाटात पासपोर्टची फोटोकॉपी सापडली, व्हिसाच्या पानासकट.

आता बहीण आणि भावोजी म्हणतात, आम्हीच सहा महिने जाऊन राहतो. दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे त्यांच्याकडे. दोघं सत्तरीच्या आसपास. जावं का?

निवृत्त_बेस्टवाला
मावशी, हा प्रश्न माझ्या अनुभवातला. मी आणि सौ. मुलाकडे न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये दोनदा राहून आलो. मुलगा-सून चांगले आहेत, तक्रार नाही. तरीही सांगतो, म्हातारपणी तिकडे माणूस पांगळा होतो. गाडी चालवता येत नाही, बर्फात पाय टाकायची भीती, टीव्हीवरचं कळत नाही. दिवसभर नातू आणि खिडकी. सौ.ला तिसऱ्या महिन्यात बोलावंसंच वाटेनासं झालं. नुसती बसून राहायची.

मग कुणीतरी 'इंडिया होम'ला घेऊन गेलं. २००७ सालापासून आहे, आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठीच. डाळभात, योगासनं, गाणी, आणि आपल्या भाषेत "काय हो, कसे आहात" विचारणारी माणसं. तिकडच्या नेहमीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात शाकाहारी माणसाला काय मिळणार? सौ. तिथे पहिल्या दिवशी एका गुजराती बाईंशी दोन तास बोलली. घरी येऊन म्हणाली, उद्या डबा मी करते. फ्लशिंगला आणखी एक संस्था आहे, 'साउथ एशियन काउन्सिल फॉर सोशल सर्व्हिसेस', २००० पासूनची. ती गरजूंना आपल्याकडचं धान्य-डाळी देते, कागदपत्रं भरून देते. तिकडच्या मराठी मंडळांची मिळून असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा 'उत्तररंग' हा ज्येष्ठांसाठीचा उपक्रम आहे, त्यांच्याकडेही चौकशी करा.

पण तिथे मी असेही म्हातारे पाहिले की ज्यांचा पासपोर्ट मुलाच्या कपाटात, औषध मागायची चोरी, आणि नातवंडं मोठी झाल्यावर घरात अडगळ. मुंबईतली जागा विकून गेलेले. त्यांना परतायला घर नाही. पोराविरुद्ध कुणाकडे बोलणार? तिकडे प्रत्येक राज्यात वृद्धांच्या संरक्षणासाठी सरकारी खातं असतं, पण आपला बाप स्वतःच्या मुलाबद्दल परक्याला फोन करत नाही. म्हणून ही केंद्रं हवीत. कुणीतरी रोज चेहरा बघतं, एक दिवस आला नाही तर विचारतं.

टुरिस्ट व्हिसावर सरकारी मदत काही नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायलासुद्धा पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं. प्रवासी विमा जुन्या दुखण्याला बहुधा पैसे देत नाही. तुमच्या बहिणीला बीपी आहे. जावयाच्या घरात, त्याच्या पैशावर, त्याच्या गाडीवर अवलंबून राहून तिथे त्या मुलीला किती आधार देऊ शकतील? उलट त्या पोरीला तिघांची काळजी.

एडिसन_ते_दादर
काकांशी सहमत, एक भर घालते. आईवडील आलेत म्हणून मार थांबलेली घरंही मी पाहिलीत, आणि त्यांच्यासमोर अपमान वाढलेलीही. भाचीला विचारा. ती "या" म्हणाली तर जाऊ द्या, पण परतीचं तिकीट आणि पासपोर्ट स्वतःच्या कमरेला, आणि हातात स्वतःचे डॉलर. ती "नको" म्हणाली तर तेही ऐका.

मुलुंडची_मावशी
तीन आठवड्यांनी लिहितेय.

बहिणीने तिला विचारलं, एका वाक्यात, बाळाचं बोलता बोलता. ती म्हणाली, "आत्ता नको आई, मी सांगेन तेव्हा." बहिणीला ते लागलं. दोन दिवस जेवली नाही. पण गेली नाही.

मग मागच्या मंगळवारी एका अनोळखी नंबरवरून भाचीचा मला फोन आला. लायब्ररीत लहान मुलांची गोष्टींची वेळ असते, तिथे एका बाईंनी आपला फोन दिला होता. तिने आधीच एका संस्थेशी दोनदा बोलून घेतलंय. आम्ही काहीच पाठवलं नव्हतं, तिने स्वतः शोधलं. वकिलाची भेट ठरलीय. घर आत्ता सोडणार नाही म्हणाली. मला विचारायचं होतं, का नाही. पण वर ताईंनी लिहिलेलं आठवलं आणि मी विचारलं, "तुला आमच्याकडून काय हवंय?"

तिने यादीच सांगितली. पासपोर्टची प्रत, लग्नाचा दाखला, डिग्रीची गुणपत्रकं, ठाण्याच्या कंपनीचं अनुभवपत्र. सगळं स्कॅन करून एका नवीन ईमेलवर, ज्याचा पासवर्ड फक्त तिला माहीत. आणि म्हणाली, बाबांना सांग, माझ्यावर चिडू नका.

भावोजींना ते सांगितल्यावर ते उठून गॅलरीत गेले. संध्याकाळी स्वतःच लग्नाच्या दाखल्याची फाइल काढून बसले होते.

कंपनीचं ऑफिस आता दुसरीकडे गेलंय, अनुभवपत्र मिळवायला उद्या मी ठाण्याला जातेय. तिच्या जागी मला अर्ज करता येईल का, की तिचं अधिकारपत्र लागेल? कुणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

पार्ल्याची_वकील
तिच्या नवीन ईमेलवरून कंपनीच्या एचआरला दोन ओळींचा ईमेल जाऊ दे, "माझ्या वतीने मावशी कागद घेतील" एवढा. त्याची प्रिंट, तिच्या जुन्या ओळखपत्राची प्रत आणि तुमचं आधार कार्ड घेऊन जा. दिलं नाही तर मला इथे लिहा.